महापौरांचा अर्ज

इंग्लंडात रीडिंगला आल्यावर मी ज्या घरात पहिली खोली घेतली, तिथे बॉयलर बिघडला तरी आधी ठराव मांडावा लागे. रविवारी चर्चहून येऊन, जेवून, भांडी घासून झाली की चार वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सभा भरे. घरमालक अध्यक्ष. त्यांची बायको सभासद. मी भाडेकरू, म्हणून सभासद, आणि घरात लॅपटॉप माझ्या एकट्याकडे, म्हणून चिटणीसही. मागच्या सभेचं इतिवृत्त मी वाचायचं, ते कायम व्हायचं, मग विषयपत्रिका. विषय एक, जिन्यातला दिवा. विषय दोन, रिसायकलिंगच्या बिनमध्ये कुणीतरी टाकलेली चहापत्ती. हे ‘कुणीतरी’ म्हणजे मी, हे तिघांनाही ठाऊक असे. पण इतिवृत्तात नाव घ्यायचं नाही, असा नियम होता.

माझ्या पहिल्याच जानेवारीत बॉयलर बंद पडला, तो गुरुवारी. घरात बोलताना तोंडातून वाफ यायला लागली.

“काका, तातडीची सभा बोलवा ना,” मी म्हटलं.

“तातडीच्या सभेस अठ्ठेचाळीस तासांची सूचना लागते. म्हणजे शनिवार. शनिवारी ही ड्यूटीवर आहे. कोरम होत नाही.”

“मी आत्ता तुमच्या नाकासमोर उभी आहे की हो!” काकू कोटावर शाल गुंडाळत म्हणाल्या. “धरा माझा कोरम!”

“सूचनेविना तू उभी आहेस. हजर नाहीस.”

रविवारपर्यंत आम्ही तिघं कोट घालून वरणभात जेवलो. चार वाजता ठराव एकमताने मंजूर झाला आणि चार वाजून दहा मिनिटांनी काकांनी दुरुस्तीच्या माणसाला फोन लावला. त्या दिवशी मी दुसरी खोली शोधायचं ठरवलं. शोधली नाही. पाच वर्षं तिथेच राहिलो, लग्न करून बायको आणली तीही तिथेच, आणि पुढे घर घेतलं तेही दोन गल्ल्या सोडून. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच, न घेता झालेले आहेत.

तर हे गृहस्थ आफ्रिकेच्या दक्षिणेकडल्या एका शहराचे महापौर होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थाप वाटली. मी पुण्याचा. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस महापौर होता होता राहिलेला असतो. पण हे खरोखर झाले होते.

त्यांचे वडील नगरकडचे मराठी ख्रिस्ती, मिशनच्या शाळेतले मास्तर. मिशननेच त्यांना तिकडे पाठवलं. काकांचा जन्म तिकडचा. मराठी ते शिकले वडिलांच्या छडीखाली आणि घरातल्या जुन्या बायबलात, त्यामुळे त्यांची भाषा शंभर वर्षं कपाटात घडी करून ठेवल्यासारखी होती. “हे दूध खचित नासले आहे,” असं ते फ्रिजसमोर उभं राहून जाहीर करत. काकू मात्र नगर जिल्ह्यातूनच लग्न होऊन तिकडे गेलेल्या. त्यांची मराठी ताजी आणि तिखट. त्या नवऱ्याला एरवी ‘अहो’ म्हणत आणि चिडल्या की ‘महापौर’. त्यामुळे दुसऱ्या खोलीत बसूनसुद्धा घरातलं हवामान मला कळत असे.

काका शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेसमोर कचऱ्याचा ढीग साठत होता आणि नगरपालिका उचलत नव्हती. काकांनी मुलांना टेपा देऊन दर सोमवारी ढिगाची उंची मोजायला लावली आणि आलेख काढून नगरपालिकेला पाठवायला सुरुवात केली. टीका नाही, मागणी नाही, नुसता आलेख. काही महिन्यांनी ढीग गेला आणि वॉर्डातल्या लोकांनी काकांना निवडणुकीला उभं केलं. पुढे ते बरीच वर्षं साधे नगरसेवक होते. महापौर कसे झालात, असं विचारलं तर सांगत, “दोन गट होते. आपला माणूस व्हावा याकरिता दोघे भांडले. अखेर कोणाचाच नसलेला माणूस कोण, याविषयी त्यांचे एकमत झाले. तो मी होतो.”

महापौराचा लाल लोकरी झगा इंग्लंडहून आलेला, कधीकाळी गोऱ्यांनी आणवलेला. तिकडच्या उन्हात तो घालून भाषण करताना घाम पायमोज्यांपर्यंत पोचायचा, असं काकू सांगत. इथे आल्यावर एकदा नोव्हेंबरच्या थंडीत कुठल्याशा कार्यक्रमात काकांनी इथल्या मेयरना तसल्याच झग्यात पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, “म्हणजे चूक माझी नव्हती. तो झगा या हवेकरिता शिवलेला आहे.”

महापौराची मोटार होती, पेट्रोल नसे. काका सायकलने जात. महापौरपदाची गळ्यात घालायची जड साखळी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. एकदा साखळीला लोणच्याचं तेल लागलं आणि एका परदेशी पाहुण्याच्या स्वागताला काका लिंबाच्या लोणच्याच्या वासात उभे राहिले. ही गोष्ट काकू सांगत. काका फक्त दुरुस्ती करत. “लिंबू नव्हे. कैरी.”

त्यांचं एक म्हणणं होतं, ते मी इतक्या वेळा ऐकलंय की आता माझ्याही तोंडी बसलंय. “शहरास पाणी आले पाहिजे, कचरा गेला पाहिजे, आणि मेलेला मनुष्य वेळेवर जमिनीत गेला पाहिजे. बाकी भाषणे.” मी बेसिंगस्टोकच्या एका ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. दिवसाला सहा मीटिंगा करतो. त्यांतून पाणी येत नाही नि कचराही जात नाही. कधीकधी ऑफिसच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो की मला काकांचा मत्सर वाटतो. निदान एक ढीग तरी त्यांनी हलवला.

इंग्लंडात ते महापौर म्हणून आले नाहीत, नर्सचा नवरा म्हणून आले. काकू नर्स. इथल्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या, त्यांना व्हिसा मिळाला, मागून डिपेंडंट म्हणून काका. काही वर्षं घरी बसून त्यांनी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, सगळी पत्रकं वाचून काढली. मग एका प्रायमरी शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्याची जागा निघाली. पिवळा लांब कोट, हातात ‘स्टॉप’ लिहिलेली गोल पाटी लावलेली काठी. काकांनी अर्ज केला, त्यात आधीचा अनुभव म्हणून ‘महापौर’ असं लिहिलं आणि ती नोकरी त्यांना मिळाली. सोळा वर्षं केली. “तिकडे माझ्या सहीने शहर हलत नसे,” ते म्हणत. “येथे मी काठी पुढे केली की लॉरी थांबते.”

माझी मुलगी त्याच शाळेत गेली. पहिल्या दिवशी घरी येऊन तिने सांगितलं, “बाबा, आजोबाने बस थांबवला! एवढा मोठा बस!” तिच्या दृष्टीने जगात यापेक्षा मोठा हुद्दा नव्हता. माझ्याबद्दल ती वर्गात सांगायची, “माय डॅड सेंड्स ईमेल्स.”

काकांना महापौरपदावरून काढलं होतं, हे मला कळायला दीड वर्ष लागलं. तेही काकूंकडून.

त्या पोळ्या लाटत होत्या. मी सहज विचारलं की परत जावंसं वाटत नाही का. लाटणं थांबलं.

“जाऊन राहू कुठं? आणि मरू कुठं? माझी जागा होती तिथं. सासूबाईंच्या शेजारी दोन जागा राखून ठेवलेल्या, एक यांची, एक माझी. झाडाखाली. महापौरांनी वाटून टाकली!”

हकिकत अशी. काकांच्या कारकिर्दीत पंप बंद पडले, नळ आटले, लोक ओढ्याचं पाणी प्यायले आणि साथ आली. माणसं भराभर जायला लागली. गरीब वस्त्यांसाठी जी दफनभूमी होती ती सखल. त्या वर्षीच्या पावसाने खड्डा खणला की अर्ध्यावर पाणी लागायचं. हॉस्पिटलच्या मागे मृतदेह चार-चार दिवस पडून राहू लागले. काकू त्या हॉस्पिटलात साथीच्या वॉर्डात होत्या. आणि गावाच्या उंच भागातल्या जुन्या दफनभूमीत कोरडी, रिकामी जमीन होती. पण ती राखीव. जुन्या घराण्यांनी, नगरसेवकांनी, व्यापाऱ्यांनी आपापल्या जिवंत माणसांसाठी जागा धरून ठेवलेल्या. त्या मोकळ्या करायच्या तर सभेचा ठराव हवा. काकांनी सभा बोलावली. लोक साथीला भिऊन शहराबाहेर गेलेले. कोरम झाला नाही. पुन्हा बोलावली. झाला नाही. तिसऱ्यांदा ते झगा घालून रिकाम्या सभागृहात एकटेच दुपारभर बसले. मग उठून दफनभूमीच्या ऑफिसात गेले, राखीव जागांची वही मागवली आणि ठरावाविना, स्वतःच्या सहीने, सगळ्या मोकळ्या केल्या. सुरुवात स्वतःच्या दोन जागांपासून.

“एका जागेत एक रखवालदार गेला आणि एकीत एक भाजीवाली,” काकू म्हणाल्या. “सासूबाईंच्या शेजारी भाजीवाली! सासूबाईंचं जन्मात कुठल्या भाजीवालीशी पटलं नाही.”

मी हसलो. काकू हसल्या नाहीत.

“लोकांना दिली म्हणून मी रडत नाही रे. मला विचारलं नाही. बॉयलरला ठराव लागतो, आणि माझ्या मरणाच्या जागेला?” त्यांनी पोळी तव्यावर आपटली. “वॉर्डातून घरी आले तर शेजारीण सांगतेय, तुमची जागा गेली.”

साथ ओसरली, लोक परतले, आपापल्या जागा गेलेल्या पाहून खवळले आणि वरून मंत्र्याचं पत्र आलं : सभेच्या मंजुरीविना अधिकाराचा वापर केल्याबद्दल पदावरून दूर करण्यात येत आहे. याबद्दल मी काकांना विचारलं तेव्हा ते रागावतील, निदान खिन्न होतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “पत्र यथायोग्य होते. ठराव नव्हता.”

“पण काका, तुम्ही बरोबर केलंत!”

“बरोबर केले. आणि काढले तेही बरोबर. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. तुम्हा पुण्याच्या लोकांना एक वेळेस एकच खरे लागते.”

त्यानंतर त्यांनी एकच धडा घेतला आणि तो हट्टाने धरला : जिवंत माणसाने जमीन अडवून ठेवू नये. मेल्यावर मिळेल ती जागा, मिळेल त्या रांगेत. काकूंनी घेतलेला धडा नेमका उलटा होता. यावर त्यांचं वर्षानुवर्षं भांडण नव्हतं. फक्त दफनभूमीवरून बस गेली की दोघं वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत.

मग काकूंच्या हृदयाची झडप बिघडली. साउथहॅम्प्टनला ऑपरेशन ठरलं. आम्ही तोवर आमच्या घरात गेलो होतो, पण रविवारची सभा चुकवायची नाही, हा माझा नेम. म्हणजे नेम काकांचा, मी पाळायचो. बायकोला त्यांनी ‘निमंत्रित’ असा दर्जा दिला होता. बोलता येतं, मत नाही. “तुझ्या काकांच्या घरात आणि आपल्या घरात माझ्यासाठी काही फरक नाही,” ती मला म्हणत असे.

त्या रविवारी विषयपत्रिकेवर काकूंनी स्वतः विषय घातला. “इथल्या दफनभूमीत दोघांसाठी जागा आत्ताच घेऊन ठेवावी.” त्यांनी तो उभं राहून वाचला. धाप लागली होती.

“मला टेबलावर झोपवायच्या आधी कळलं पाहिजे, की उठले नाही तर कुठं जाणार. एवढंच.”

“तू उठणार आहेस,” काका म्हणाले.

“ते विषयपत्रिकेवर नाही.”

काकांनी विषयापुढे पेन्सिलीने खूण केली. मग म्हणाले, “मत घेऊ.”

काकू बाजूने. काका विरोधात. राहिलो मी.

हे लिहायला मला लाज वाटते, पण व्यक्तिचित्र लिहायचं तर चित्रात कोपऱ्यात उभा असलेला माणूसही काढावा लागतो. काकूंनी पाच वर्षं मला जेवायला घातलं होतं. काकांनी कारच्या कर्जासाठी मला रेफरन्स दिला होता. मी दोघांकडे पाहिलं आणि म्हणालो, “मी तटस्थ.”

बायकोने टेबलाखालून अशी लाथ मारली की आठवडाभर नडगी निळी होती. “ह्याचं मत मला द्या हो काका,” ती म्हणाली. “हा वापरत नाहीये.”

“निमंत्रितांनी शांत राहावे.” काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “एक विरुद्ध एक. अध्यक्षास निर्णायक मत आहे. प्रथा अशी की अध्यक्षाने ते जैसे थे परिस्थितीच्या बाजूने द्यावे.” त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. “ठराव नामंजूर.”

काकू खाली बसल्या. “लिही,” मला म्हणाल्या, “इतिवृत्तात लिही. पूर्ण लिही.”

मी लिहिलं. माझ्या हातचं ते एकच इतिवृत्त आहे, जे मी नंतर कधी उघडलेलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी आल्या, दोन महिन्यांत जिना चढायला लागल्या, आणि एका मंगळवारी माझ्या बायकोला फोन करून म्हणाल्या, “तुझ्या गाडीत पेट्रोल आहे का?” दोघी कौन्सिलच्या दफनभूमीच्या ऑफिसात गेल्या. कुठे निघालात, हे ना काकांना सांगितलं ना मला. बायको मला एरवी कोथिंबीर आणली तरी सांगते.

पुढच्या रविवारी काकूंनी टेबलावर एक कागद ठेवला. “ठराव नाही. मत नको. माहितीस्तव.”

कबरीचा हक्क काकूंच्या नावावर झाला होता. इथे एकाच कबरीत, एकावर एक, दोघांना ठेवता येतं. आधी जाईल तो खाली. पण हक्क ज्याच्या नावावर असतो, त्याच्या सहीशिवाय ती कबर कुणासाठीही उघडत नाहीत.

काकांनी कागद दोनदा वाचला. “खड्डा दोघांपुरता खोल आहे. म्हणजे एक जागा राखीव झाली.”

“राखीव कसली? माझ्या अंगावरची माती आहे ती. माझी माती मी हवी तर एकटीच पांघरीन.” काकूंनी कागदाची घडी घातली. “तुम्हाला यायचं असेल तर रीतसर अर्ज करा, महापौर.”

काकांनी अर्ज केला नाही. एक वर्ष गेलं. तत्त्वाचा माणूस, आणि शहर, खुर्ची घालवून जे तत्त्व मिळवलं, ते शेवटी मातीच्या एका थरासाठी सोडायचं? काकूही विचारत नसत. एवढंच, की ऐंशीच्या घरातला माणूस कुठे पुरला जाणार हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यावर बोलायचं तर विषय पत्रिकेवर हवा. दरम्यान त्यांना चालताना धाप लागायला लागली. काठी परत केली. शाळेने निरोप दिला, मुलांनी कार्ड दिलं. काकांनी ते घरी आणून आवक क्रमांक घालून फाइलला लावलं.

मग एका शनिवारी सकाळी ते माझ्या घरी चालत आले. दोन गल्ल्यांत तीनदा थांबले असावेत. टाय लावलेला. “चिटणीस, एक मजकूर टंकित करावयाचा आहे.”

ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. तो मजकूर माझ्याकडे आहे.

“मा. हक्कधारक यांस. विषय : आपल्या जागेत वर अथवा खाली, जे प्रथम घडेल त्याप्रमाणे, सामावून घेण्याबाबत. महोदया, अर्जदार दीर्घकाळ आपला पती आहे. पूर्वी अर्जदाराने आपणांस न विचारता आपली जागा दुसऱ्यास दिली. दिली याचा त्यास पश्चात्ताप नाही. विचारले नाही, याचा आहे. आपण त्या समयी इस्पितळात होता. अंतर सायकलने दहा मिनिटांचे होते. अर्जदार निघाला होता. अर्ध्या वाटेवरून परत फिरला. कारण आपण नाही म्हणाल असे त्यास भय वाटले, आणि आपण नाही म्हटले असते तर त्याच्याने सही झाली नसती. सबब विचारले नाही. कृपया अर्जाचा विचार व्हावा.”

मी विचारलं, “काका, मराठीतच ठेवायचा?”

“हक्कधारकाची ती भाषा आहे.”

रविवारी मी तो सभेत वाचला. वाचायचं काम चिटणिसाचं. ‘अर्ध्या वाटेवरून’पर्यंत मी वाचलं, मग बायकोने कागद घेऊन पुढचं वाचलं. निमंत्रित असून. काकांनी हरकत घेतली नाही.

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. कागद मागून घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला.

“भाषा बरी आहे,” म्हणाल्या. “विचाराधीन ठेवा.”

काका मान हलवून पुढच्या विषयाकडे वळले. बाथरूमची गळती होती.

निघताना मला कोट देता देता काकूंनी जिन्यापाशी थांबवलं. “रोज पंधरा-वीस जणांची तोंडं झाकत होते मी त्या वॉर्डात. बाहेर ठेवायला जागा नव्हती. आणि ह्या माणसाला वाटलं, मी नाही म्हणीन.” त्या रागावलेल्या होत्या की काय, मला कळेना. “मी म्हटलं असतं का रे नाही?”

“नाही काकू.”

“मग? इतकी वर्षं मी समजत होते, यांना माझी किंमत नाही म्हणून विचारलं नाही.” कोट माझ्या हातात कोंबला. “बसू दे त्या अर्जाला थोडे दिवस. माझाही जरा विचार होऊ दे.”

त्यानंतर दर रविवारी, शेवटच्या विषयाच्या आधी, काका विचारत, “त्या अर्जाचे काय?” आणि काकू सांगत, “विचाराधीन.” दोघं मजेत होती असं आता वाटतं. त्या आठवड्यांत काकू त्यांना चुकूनही महापौर म्हणाल्या नाहीत.

फेब्रुवारीत काका गेले. दुपारी, खुर्चीत, मांडीवर कौन्सिलचं पत्रक. त्या पत्रकात त्यांनी पेन्सिलीने तीन जागी खुणा केलेल्या होत्या.

दफनाची तयारी करणाऱ्या माणसाने कळवलं, की कबर उघडायला हक्कधारकाची सही लागेल. आम्ही तिघं त्या ऑफिसात गेलो. बायकोने गाडी चालवली, काकू पुढे, मी मागे. मला झोप नव्हती, मला फक्त ते सगळं एकदाचं संपायला हवं होतं. काचेपलीकडच्या बाईंनी फार हळुवारपणे फॉर्म पुढे केला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. “इथे सही केलीत की झालं, मिसेस...”

काकूंनी पेन घेतलं नाही. पर्समधून चष्मा काढला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. तीन पानं होती. बारीक अक्षर. मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

तिसरं पान संपवून काकूंनी वर पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, “आमच्या आधी कुणी थांबलंय का?”

“नाही, आज तुम्हीच पहिल्या.”

“आजचं नाही. जागेसाठी. कुणाचं माणूस पडून राहिलंय का, जागा नाही म्हणून?”

बाई क्षणभर गोंधळल्या. मग, काकूंचा चेहरा पाहून असेल, त्या स्क्रीनकडे वळल्या आणि खरोखर शोधायला लागल्या. एक यादी पाहिली, दुसरी पाहिली. आम्ही उभे होतो.

“नाही,” त्या म्हणाल्या. “कुणीच थांबलेलं नाही.”

“मग मंजूर,” काकू मराठीत म्हणाल्या आणि सही केली.